शफल बंद

7 जून 2025, शनिवार

सोसायटीचा पुनर्विकास अखेर मार्गी लागला. दिवाळीनंतर घर रिकामं करायचं आहे. 'तोवर तुमचा तो खजिना निकालात काढा,' असा घरातून आदेश निघाला आहे. खजिना म्हणजे लोखंडी कपाटाचे खालचे दोन कप्पे. त्यात कॅसेटी आहेत, सीड्या आहेत आणि फुटपाथवर घेतलेल्या एमपीथ्री सीड्यांची चवड आहे, ज्यांवर मार्करने 'इंग्लिश मिक्स 2' असलं काहीबाही लिहिलेलं आहे. यंदा पाऊस मे महिन्यातच येऊन बसला, त्यामुळे काही कॅसेटींच्या टेपेवर आत्ताच पांढरी बुरशी दिसायला लागली.

संध्याकाळी भाचीचा फोन. "मामा, तुझ्या वेळचे दहा अल्बम पाठव ना. 2000 ते 2009. मी त्यांची प्लेलिस्ट करते."

तुझ्या वेळचे! जणू मी तबकडीवर सुई ठेवणाऱ्या पिढीतला. म्हटलं, यादी देतो, पण प्लेलिस्ट करू नकोस. "म्हणजे काय?" असं तिने विचारलं. तेव्हा फोनवर सांगता आलं नाही, म्हणून इथे लिहून काढतो.

1999 मध्ये नॅप्स्टर आलं आणि गाणी फुकट उतरवायची सवय लागली. 2001 मध्ये कोर्टाने ते बंद पाडलं, पण त्याच ऑक्टोबरात आयपॉड आला. एप्रिल 2003 मध्ये अ‍ॅपलने 99 सेंटला एक गाणं विकायला काढलं. आपल्याकडे हे काम फुटपाथवाल्याने केलं. एका सीडीत दीडशे गाणी, कुठल्या अल्बममधली ते विचारायचं नाही. अल्बमची शिवण उसवली ती याच वर्षांत. आणि गंमत अशी, की उसवता येणारच नाहीत असे काही अल्बमही याच वर्षांत झाले. माझी यादी त्यांची. कसोटी एकच: मधल्या गाण्यापासून सुरू केलं तर अडायला हवं. एक झकास गाणं आणि सात भरतीची, असला माल बाद.

या कसोटीवर जीव असलेल्या बऱ्याच गोष्टी कटणार. 'गारवा' तर तारखेवरच कटतो, तो शतक पालटायच्या जरा आधीचा. नाहीतर मिलिंद इंगळेंचं गाणं आणि मध्ये सौमित्रचं बोलणं, ही वीण सहज उत्तीर्ण झाली असती.

10 जून, मंगळवार

डेक चालू होत होता, पण टेप रडत होती. बेल्ट सैल. पुण्यातल्या तपकीर गल्लीत गेलो, असले सुटे भाग तिथेच मिळतात. एका काउंटरवरच्या काकांनी जुना बेल्ट हातात घेतला, काचेवर दुमडून सपाट धरला, पट्टीने लांबी पाहिली आणि मागच्या खणातून अचूक जोड काढून दिला. "अजून वाजवता का? बरं आहे," एवढंच बोलले. घरी येऊन बेल्ट चढवला आणि कानकाडीला स्पिरिट लावून हेड पुसलं. काडी तपकिरी झाली. इतक्या वर्षांची गाणी त्या बोळ्यावर.

पहिली कॅसेट 'कंदिसा'. इंडियन ओशन, टाइम्स म्युझिक, 2000. आतला फेल्टचा तुकडा जागेवर होता, म्हणून आवाज बसला नव्हता.

या चौघांनी तेव्हा काय केलं हे आज सांगायला अवघड जातं, कारण पुढे सगळ्यांनीच ते केलं. त्या काळी 'फ्यूजन' म्हटलं की सतार, खाली ड्रम मशीन आणि वर एखादा आलाप, असा साचा ठरलेला. इथे सुश्मित सेनची गिटार कॉर्डचे तुकडे पाडत नाही, ती एकेक स्वर विणत फिरते. असीम चक्रवर्ती जमिनीवर मांडी घालून तबला वाजवणार आणि त्याच दमात गाणार. राहुल रामचा बास, अमित किलमचे ड्रम. राहुल राम अमेरिकेतून डॉक्टरेट करून आला आणि नर्मदा बचाव आंदोलनात गेला. 'मा रेवा' हे तिकडचंच लोकगीत. तळोद्या-धडगावच्या बाजूने नर्मदा महाराष्ट्राला चाटून जाते, त्यामुळे ते गाणं आपलं म्हणायला हरकत नाही. शीर्षकगीत केरळातल्या सिरियन ख्रिस्ती मंडळींच्या जुन्या अरामी स्तोत्रावरचं. अरामीचा एक शब्द कळत नाही आणि त्याने काही बिघडत नाही.

गाणी लांबलचक, कुणालाही घाई नाही. रेडिओवर चालावं म्हणून एकही कापलेलं नाही. 1993 चा पहिला अल्बम, मग 'डेझर्ट रेन' नावाचं जिवंत मैफलीचं ध्वनिमुद्रण आणि मग हा. इतकी वर्षं मंचावर वाजवून वाजवून गाणी मुरलेली होती, स्टुडिओत बसून रचलेली नव्हती. ते ऐकू येतं. असीम चक्रवर्ती 25 डिसेंबर 2009 ला गेले. त्याच दशकाच्या शेवटच्या आठवड्यात. त्यांच्यानंतर ती गाणी इतरांनी गायली, बरी गायली. पण तबल्यावर थाप देता देता उचललेला तो सूर या कॅसेटमध्येच आहे.

यादीत. वरच्या जागी.

13 जून, शुक्रवार

आज 'किड ए'. रेडिओहेड, ऑक्टोबर 2000.

हा मी पहिल्यांदा अस्ताव्यस्त क्रमाने ऐकला होता. कॉलेजच्या होस्टेलवर एकाने डायल-अपवर रात्र रात्र बसून फायली उतरवल्या होत्या. ज्या जशा उतरल्या तशा ऐकल्या. चांगल्या वाटल्या, विचित्र वाटल्या, बास. पुढे काळ्या घोड्याच्या ऱ्हिदम हाउसमधून सीडी आणली, पहिल्या गाण्यापासून लावली, आणि हा दुसराच ऐवज निघाला. (ऱ्हिदम हाउस 2016 मध्ये बंद झालं. पुण्यात कर्वे रस्त्यावरचं अलुरकर होतं. तिथे शास्त्रीयसाठी जायचो आणि अशा 'ठणठणाटा'साठी मुंबई गाठायचो.)

त्याआधीचा 'ओके कॉम्प्युटर' तुफान गाजला होता. जगाला पुन्हा गिटारवरची तसलीच गाणी हवी होती. यांनी गिटारी जवळपास बाजूला ठेवल्या. एकही सिंगल काढलं नाही, रीतसर व्हिडिओ नाहीत. अल्बम दुकानात यायच्या आधीच नॅप्स्टरवर फुटला, तरीही ब्रिटन आणि अमेरिका दोन्हीकडे पहिल्या आठवड्यात पहिला आला. फुटलेली चीज विकली जात नाही, या कंपन्यांच्या गृहीतकाला तिथेच तडा गेला.

पण माझं कारण ते नाही. माझं कारण दोन वाद्यं. पहिलं 'ओंद मार्तनो'. 1920 च्या दशकातलं फ्रेंच विजेचं वाद्य. बोटात एक अंगठी घालायची आणि ती तारेवर सरकवायची. सूर तुटत नाही, घसरत जातो. जॉनी ग्रीनवुडने ते या अल्बममध्ये जागोजाग वापरलं. ज्याचे कान मींड ऐकून घडले आहेत त्याला ते परकं वाटूच शकत नाही. पियानोच्या पट्ट्यांनी दोन स्वरांमधली जी जागा मोकळी सोडली, ती हा माणूस यंत्राने भरून काढतो आहे. हाच ग्रीनवुड पुढे जोधपूरच्या मेहरानगढ किल्ल्यात राजस्थानी वादकांबरोबर बसला आणि 2015 मध्ये 'जुनून' काढला, याचं मला अजिबात आश्चर्य वाटलं नाही.

दुसरं वाद्य शेवटच्या गाण्यात. पायाने भाता हाणत वाजवायचा ऑर्गन. आमच्या आजोबांच्या तोंडी बालगंधर्वांच्या नाटकातल्या ऑर्गनच्या गोष्टी असायच्या, पदाला धरून ठेवणाऱ्या त्या लांब, किंचित नाकातल्या सुराच्या. ऑक्सफर्डच्या पोरांनी आपल्या सगळ्यात आधुनिक अल्बमचा शेवट त्याच जातीच्या वाद्यावर केला. हेडफोन लावून ऐकलं तर ऑर्गनच्या श्वासासारखी धाप ऐकू येते. आणि त्याआधीची पाऊण तासाची यंत्रं, ठोके, तुटलेले आवाज ऐकलेले असतील तरच त्या श्वासाला अर्थ आहे. एकटं ऐकाल तर ते एक संथ गाणं.

मधल्या 'इडिओटेक'चे चार कॉर्ड पॉल लॅन्स्की या प्राध्यापकाने 1970 च्या दशकात कॉम्प्युटरवर केलेल्या एका रचनेतून उचललेत, तेही परवानगीने. चोरी आणि उसनवारी यातला फरक आपल्या काही संगीतकारांनी इथून शिकायला हरकत नव्हती.

14 जून, शनिवार

'दिल चाहता है' (2001). सकाळी पोहे करताना लावला, दुपारपर्यंत डोक्यात. शंकर-एहसान-लॉयनी हिंदी सिनेमाची गाणी एका फटक्यात तरुण केली. 'तनहाई'त सोनू निगम जे गायला तसं त्याला नंतर फार कमी लोकांनी गाऊ दिलं. श्रीनिवासच्या आवाजातलं 'कैसी है ये रुत' दर पावसाळ्यात माझ्याकडे वाजतं.

पण क्रम बदलून ऐकला. काही फरक पडला नाही. सुटी गाणी आहेत, अव्वल आहेत. कसोटीवर नापास.

17 जून, मंगळवार

'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट'. विल्को, शिकागो.

याची जन्मकथा गाण्यांपेक्षा प्रसिद्ध आहे. 2001 च्या उन्हाळ्यात अल्बम तयार झाला. रिप्राइज कंपनीने ऐकला आणि नाकारला. यातून काही विकलं जाणार नाही म्हणे. बँडने करार सोडवून घेतला, अल्बम खिशात घातला आणि 18 सप्टेंबर 2001 पासून आपल्या वेबसाइटवर सगळ्यांना फुकट ऐकायला ठेवला. लोक तुटून पडले. मग नॉनसच या कंपनीने पैसे मोजून तो विकत घेतला आणि एप्रिल 2002 मध्ये बाजारात आणला. रिप्राइज आणि नॉनसच दोन्ही वॉर्नरच्याच कंपन्या. म्हणजे एकाच मालकाने एकाच अल्बमचे दोनदा पैसे भरले. आपल्या कुठल्याही सरकारी खात्याला अभिमान वाटावा असा कारभार. सॅम जोन्स नावाचा छायाचित्रकार तेव्हा बँडसोबत कॅमेरा घेऊन होताच, त्यामुळे या सगळ्याचा माहितीपटही झाला.

पुढच्या सगळ्या प्रयोगांचं बी इथलं. रेडिओहेडने 10 ऑक्टोबर 2007 ला 'इन रेनबोज' आपल्या वेबसाइटवर ठेवला आणि हवे तेवढे पैसे द्या म्हणून सांगितलं. इंडियन ओशनने 2010 मध्ये एकेक गाणं करत आख्खा नवा अल्बम फुकट वाटला. कंपनीशिवाय चालतं, हे पहिल्यांदा कळलं ते विल्कोमुळे.

आता गाणी. जेफ ट्वीडीची गाणी मुळात साधी. गिटार घेऊन अंगणात बसून म्हणावीत अशी. ती तशीच ठेवली असती तर चांगला, विसरण्याजोगा अल्बम झाला असता. पण त्यांनी प्रत्येक गाण्यावर आवाजांचा थर चढवला. खरखर, घंटा, अर्धवट लागलेल्या रेडिओची सरसर. गाणं त्यातून वाट काढत येतं, कधी बुडतं. नावही रेडिओचंच. शॉर्टवेव्हवर हेरांसाठी सांकेतिक अक्षरं वाचणारी केंद्रं असायची. त्यातल्या एका बाईच्या आवाजातले तीन शब्द एका गाण्याच्या शेवटी पुन्हा पुन्हा येतात. कोरड्या, सरकारी आवाजात. माझं बालपण रात्री मर्फीच्या रेडिओची सुई फिरवण्यात गेलं. सिलोन सापडायच्या आधी वाटेत असले आवाज लागायचे. त्यामुळे मला या अल्बमचं वातावरण समजावून घ्यावं लागलं नाही.

(तो आवाज ज्या संग्रहातून घेतला, त्याच्या प्रकाशकाने दावा ठोकला. मिटवावं लागलं. वर लॅन्स्कीबद्दल लिहिलं ते त्यासाठीच.)

मुखपृष्ठावर शिकागोचे मरीना सिटीचे दोन गोल मनोरे. मूळ ठरलेली प्रकाशनाची तारीख होती 11 सप्टेंबर 2001. यावर पानंच्या पानं लिहिली गेली आहेत. मला तो योगायोग वाटतो आणि योगायोगावर समीक्षा करू नये.

18 जून, बुधवार

ब्यर्कचा 'व्हेस्परटीन' (2001). वीणेच्या घराण्यातली हार्प, किल्लीच्या संगीतपेटीची टिणटिण, ग्रीनलंडच्या मुलींचा कोरस आणि पत्ते पिसावेत तसल्या बारीक आवाजांचा ताल. लोक आता गाणी डाउनलोड करून लॅपटॉपच्या टीचभर स्पीकरवर ऐकणार हे तिने ओळखलं आणि त्यात टिकतील अशीच वाद्यं निवडली. बाकीचे संगीतकार एमपीथ्रीच्या नावाने बोटं मोडत असताना हिने तिच्या मापाचा अंगरखा शिवला. रात्री, दिवे घालवून. दिवसा हा अल्बम कळत नाही.

20 जून, शुक्रवार

आज दोन्ही पालख्या पुण्यात. रस्ते बंद, ऑफिसने घरूनच काम करा सांगितलं. सकाळी फर्ग्युसन रस्त्याच्या कडेला तासभर उभा राहिलो. दिंड्यांमागून दिंड्या. एका दिंडीचा ठेका कानाआड जाईस्तोवर दुसरीचा आत येतो आणि मध्ये काही क्षण दोन्ही एकमेकांत मिसळतात. परत आलो तेव्हा गिटारी, ड्रम काही नकोसं वाटत होतं. म्हणून 'इन द हार्ट ऑफ द मून' काढला. 2005. अली फारका तुरे आणि तुमानी द्याबाते, दोघेही मालीचे.

यावर लिहायचं म्हणजे हात आखडता घ्यावा लागेल.

तुमानी हा ग्रिओ, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या राजांची वंशावळ आणि इतिहास गाऊन सांगणाऱ्या घराण्यातला. वाद्य कोरा: अर्धा भोपळा, त्यावर ताणलेलं गाईचं कातडं, लांब दांडी आणि 21 तारा. दोन अंगठे आणि दोन तर्जन्या एवढ्या चार बोटांवर सगळा खेळ. अंगठे खालचा ठेका धरतात, तर्जन्या वर नक्षी काढतात. डोळे मिटले तर तीन जण वाजवताहेत असं वाटतं. भोपळा म्हटल्यावर आमचं मिरज आठवतंच. तिथल्या तंबोऱ्या-सतारींचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूचे.

अली फारका उत्तरेचा, नायजर नदीकाठच्या नियाफुंके गावचा. जातीने ग्रिओ नाही, स्वतःला शेतकरी म्हणवायचा. जगभर नाव झालं तरी गावी जाऊन शेती केली, पुढे 2004 मध्ये गावाचा महापौर झाला. त्याच्या गिटारीत अमेरिकन ब्लूज ऐकू येतो असं म्हणत, तर तो म्हणायचा की झाड इथलं आहे, तुमच्याकडे फांद्या आहेत.

दोघांचं संगीत वेगळं, भाषा वेगळी, वयात पंचवीसेक वर्षांचं अंतर. बामाकोत नायजरच्या काठी हॉटेल मांदे आहे. त्याच्या वरच्या मजल्यावर फिरता स्टुडिओ थाटला. तालीम नाही. दोन-दोन तासांच्या तीन बैठका, त्यात जवळपास सगळा अल्बम झाला. काही जागी राय कूडरने नंतर अगदी हलका हात लावला, तोही लक्षात येऊ नये इतका.

जुगलबंदीचं आपल्याकडे एक दुखणं आहे. शेवटी सवाल-जवाब होणार, तबलजी घामाघूम होणार, टाळ्या. इथे स्पर्धाच नाही. मोठा माणूस साथीला बसला आहे. अली फारका साऱ्या अल्बमभर एक साधा पाया धरून ठेवतो, फारसा हलत नाही, आणि तुमानी त्यावर झरतो. 'कायरा' ऐका. ही धून तुमानीच्या वडिलांच्या, सिदिकी द्याबाते यांच्या नावाशी बांधलेली, फ्रेंच राजवटीच्या अखेरच्या काळातल्या एका चळवळीची. चळवळीचं गाणं म्हणजे मूठ वळलेली, हा आपला समज. ही धून शांत आहे. मध्येच अली फारका काहीतरी पुटपुटतो, दाद दिल्यासारखं. 'क्या बात है' म्हणावं तसं. ते पुसून टाकलं नाही याबद्दल निर्माता निक गोल्डचे आभार.

अल्बमला ग्रॅमी मिळालं. 2006 च्या मार्चमध्ये अली फारका गेला. तुमानी गेल्या वर्षी, जुलै 2024 मध्ये.

आणि कसोटी? हा अल्बम तर कुठूनही सुरू केला तरी चालतो. पण कुठेही बंद करता येत नाही. मी नियम वाकवतो आहे. माझा नियम, मी वाकवणार.

21 जून, शनिवार

एमी वाइनहाउसचा 'बॅक टू ब्लॅक' (2006) अर्ध्यावर थांबवला. उत्तम बांधलेला अल्बम, कुठे एक ओळ जादा नाही. पण ती सत्ताविसाव्या वर्षी गेली आणि त्यानंतर ही गाणी गाणी म्हणून ऐकवत नाहीत. यादीत घालत नाही. याला कुणी अन्याय म्हणालं तर म्हणू दे.

22 जून, रविवार

भाची आली. कपाटासमोर फतकल मारून बसली आणि कॅसेटींचे फोटो काढत सुटली. मी 'काला' लावला. एम.आय.ए., 2007. श्रीलंकेच्या तमिळ निर्वासित कुटुंबातली लंडनची मुलगी. पहिल्या अल्बमला वडिलांचं नाव दिलं, दुसऱ्याला आईचं. अमेरिकेने व्हिसा अडवला, म्हणून ही जगभर फिरून ध्वनिमुद्रण करत सुटली. चेन्नईत उरुमी वाजवणारे गाठले, त्रिनिदाद, लायबेरिया. अडवणाऱ्याचे आभारच मानायचे. चौथ्या-पाचव्या मिनिटालाच भाची उठून नाचायला लागली. 'जिमी' लागल्यावर ओरडली, "मामा, हे तर मिथुनचं!" आहेच. 1982 च्या 'डिस्को डान्सर'मधलं बप्पी लाहिरींचं गाणं. हिंदी सिनेमावर इंग्रजी चाली ढापल्याचा आरोप आयुष्यभर ऐकला. उलटी गंगा वाहताना बघून बरं वाटलं होतं.

मग 'देव डी'. 2009, अनुराग कश्यपचा सिनेमा, अमित त्रिवेदीचं संगीत, अठरा ट्रॅक. हिंदी सिनेमाचा अल्बम म्हणजे पाच-सहा गाणी, एखादं रीमिक्स आणि पहिल्या जागी जे चालेल ते. इथे गाणी नायकाबरोबर पंजाबातून दिल्लीत उतरतात, पितात, घाण होतात, शुद्धीवर येतात. 'इमोशनल अत्याचार' दोनदा येतं, एकदा लग्नाच्या बँडच्या रूपात आणि एकदा रॉकच्या. बँडवालं गाताना 'बँडमास्टर रंगीला-रसीला' अशी नावं घेतली आहेत ती खुद्द त्रिवेदी आणि गीतकार अमिताभ भट्टाचार्य यांनी. 'परदेसी'त तोची रैना, 'यही मेरी जिंदगी'त अदिती सिंग शर्मा. एकाही आवाजाला तेव्हा बाजारभाव नव्हता. सिनेमा न पाहता नुसता अल्बम ऐकला तरी गोष्ट कळते. त्रिवेदीला त्याबद्दल राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

"आणि मराठी?" तिने विचारलंच. "एकही नाही?"

26 जून, गुरुवार

चार दिवस तो प्रश्न डोक्यात.

'जोगवा' (2009) काढला. राजीव पाटील यांचा सिनेमा, अजय-अतुल यांना राष्ट्रीय पुरस्कार, 'जीव रंगला'साठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही. एकाच मराठी गाण्याला गायक आणि गायिका असे दोन्ही राष्ट्रीय पुरस्कार, हे काही रोज होत नाही. संजय कृष्णाजी पाटील यांचे शब्द. 'लल्लाटी भंडार' ऐकताना आजही अंगावर काटा येतो. पण ही गाणी पडद्यावरच्या जोगत्यांना बघून पुरी होतात. सिनेमासकट शंभर गुण, अल्बम म्हणून नाही.

'आयुष्यावर बोलू काही' घ्यावं? संदीप खरे आणि सलील कुलकर्णी 2003 पासून ते करताहेत. पण त्याचं खरं घर सभागृह. दोघांच्या गप्पा, लोकांच्या फर्माइशी, मध्येच कुणीतरी पुढची ओळ म्हणून टाकणं. सीडीत त्याचा सांगाडा येतो.

आणि मग वाटलं, खरी गोष्ट हीच आहे. मराठी माणूस सलग ऐकायला शिकला तो बैठकीत, कीर्तनात, नाटकाच्या पदांत, सवाई गंधर्वच्या मांडवात. तिथे क्रम पक्का असतो: विलंबितानंतर द्रुत, शेवटी भैरवी. एकही गाणं पुढे ढकलायची सोय नाही. त्यामुळे अल्बमच्या क्रमाची आपल्याला कधी गरजच पडली नाही. कॅसेट म्हणजे घरी न्यायची आठवण. आपल्या कंपन्यांनी 'सदाबहार भावगीते भाग 4' काढत राहण्यामागे आळस होता, पण नुसताच आळस नव्हता.

एक अपवाद सापडला. 'विश्वविनायक', 2001. अजय-अतुल तेव्हा कुणाला माहीत नव्हते. वडील महसूल खात्यात, बदलीची नोकरी, गावोगावच्या शाळांत ही मुलं वाढली. घरी धड वाद्य नाही. त्यांनी सिनेमाच्या आधाराशिवाय, गणपतीच्या स्तोत्रांवर, एस. पी. बालसुब्रमण्यम आणि शंकर महादेवन यांना घेऊन, वाद्यमेळ आणि समूहस्वरांसह आख्खा अल्बम बांधला. गणपतीची कॅसेट म्हणजे आरत्या आणि झांजा, हे ज्या बाजारात ठरून गेलं होतं तिथे. आजही मंडळांतून त्यातला एखाद-दुसरा तुकडा भोंग्यावर ऐकू येतो. भोंग्यावर नाही, घरी पहिल्यापासून ऐकावा. पुढे 'नटरंग' आणि 'सैराट'मध्ये जो वाद्यमेळ दणाणला तो इथे आधीच उभा आहे. भाषा संस्कृत असली तरी घडण मराठी आहे. घेतला.

29 जून, रविवार

भाचीला पाठवलं ते असं: पहिला 'इन द हार्ट ऑफ द मून'. दुसरा 'कंदिसा', आणि या दोघांत अंतर फार नाही. मग 'किड ए', 'देव डी', 'यांकी हॉटेल फॉक्सट्रॉट', 'व्हेस्परटीन', 'विश्वविनायक', 'काला'. खाली लिहिलं, एका दिवशी एकच ऐक.

तिचं लगेच उत्तर: "मामा, आठच आहेत. दोन राहिले."

राहिलेले नाहीत. दहाचा आकडा पुरा करायचा म्हणून 'दिल चाहता है' घालणार नाही, मला तो कितीही आवडत असला तरी.